आकड्यापुढचं अक्षर

अण्णा,

आज ऑफिसात एका मुलीनं मला तुमचाच प्रश्न विचारला. नवीन लागली आहे, परभणीकडची आहे, बोलता बोलता तोंडातून ‘न्हाई’ निसटतं आणि मग जीभ चावते. आम्ही सध्या एक प्रोग्राम नऊ भाषांमध्ये करतो आहोत, त्याची बैठक चालली होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, मॅडम, समोरच्या माणसानं जिथं काहीच भरलं नाही, तिथं आपला प्रोग्राम काय करील? साधा प्रश्न आहे. या कामात इतकी वर्षं काढलेल्या बाईनं त्याचं उत्तर झोपेतसुद्धा द्यायला पाहिजे. मी मात्र पाणी प्यायचं निमित्त केलं आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी तोंडावर विचारला नव्हता.

माझं काम तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, ‘पोरगी पुण्यात कंपूटरला मराठी शिकवून राह्यली,’ आणि ऐकणारा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की जणू मी म्हशीला गाणं शिकवते आहे. मी हसायचे आणि तेवढ्यावर सोडून द्यायचे. खरं सांगायचं तर भाषा हा त्यातला सोपा भाग. शब्द बदलले की लोकांना वाटतं काम झालं. पण प्रत्येक मुलखाची वर्ष मोजायची रीत वेगळी, जमीन मोजायची रीत वेगळी, माणसाचं नाव आधी लिहायचं की बापाचं, हेसुद्धा वेगळं. प्रोग्राम एका मुलखात बनतो आणि दुसऱ्या मुलखात नांदायला जातो. तिथल्या रीती त्याला आधीच सांगून ठेवाव्या लागतात. म्हणजे तुम्ही जालन्यात मस्तगडच्या त्या दोन फळ्यांच्या दुकानात बसून जन्मभर जे केलंत, तेच. फरक इतकाच की तुम्ही ते एकेका माणसासाठी करायचात.

सकाळची जाफराबाद गाडी आली की तुमच्या दुकानापुढे माणसं उकिडवी बसलेली असायची. निजामाच्या राज्यातले जुने उर्दू कागद घेऊन यायची. कुणी धोतराच्या सोग्यात बांधून, कुणी पत्र्याच्या नळीत घालून. एका म्हातारीनं तर बाजरीच्या डब्यातून आणला होता, आणि तुम्ही वाचायच्या आधी कागद झटकलात तेव्हा टेबलावर दाणे पडले. तुम्ही शाळेत उर्दू छडी खाऊन शिकलात आणि मराठी घरी चोरून, असं तुम्हीच सांगायचात. राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली आणि घरोघरचे कागद एका रात्रीत मुके झाले. ते बोलते करणारं माणूस म्हणून लोक भोकरदनहून तुमच्याकडे यायचे. तुमची एक पद्धत होती. कागद आधी उन्हात धरायचा. मग मनाशी पूर्ण वाचायचा, तोवर समोरच्यानं कितीही विचारलं तरी हूं की चूं नाही. मग समोरचा माणूस घरी ज्या बोलीत बोलतो त्या बोलीत त्याला अर्थ सांगायचा, शेतकऱ्याला त्याच्या, कसाबाला दखनीत. मग मराठीत लिहायचं, लिहिलेलं मोठ्यानं परत वाचायचं, आणि मगच सही करायची. जिथं कागद फाटला असेल, वाळवी लागली असेल, शाई उडाली असेल, तिथं तुम्ही जागा सोडायचात आणि त्या जागेत बारीक अक्षरात लिहायचात, ‘येथे वाचता येत नाही’. लोक चिडायचे. नेमकं तेवढंच समजून घ्यायला ते एवढ्या लांबून आलेले असायचे.

सगळ्यात जास्त भांडणं सालावरून व्हायची. त्या कागदांवर दोन तऱ्हेची सालं असत, एक फसली, म्हणजे सरकारी वसुलीचं, आणि दुसरं हिजरी. त्या काळात दोन्ही तेराशेनंच सुरू व्हायची, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही कळायचं नाही, आणि चुकलं तर आठ-नऊ वर्षांचा फरक पडायचा. आकड्यापुढे एक लहानसं अक्षर असे. ‘फे’ असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. कागदाची चौपदरी घडी घालून ठेवायची सगळ्यांची सवय, आणि ते अक्षर नेमकं घडीवर सापडून झिजून जायचं. तुम्ही भिंगातून बघत बसायचात, डोळे पुसायचात, परत बघायचात आणि शेवटी मान हलवून जागा सोडायचात. बहुतेक कागद फसलीचेच निघतात हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी सोडायचात.

मी सहावीत असताना तुमचे कागद स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायला लागले. एक्याऐंशी साल असावं. एकदा जाफराबादकडच्या एका शेतकऱ्याचा कागद होता, शेताच्या चार बाजूंना काय काय आहे ते लिहिलेलं. पश्चिमेच्या बाजूचा शब्द फाटलेला. तुम्ही कच्च्या कागदावर जागा सोडली होती. त्याच गावचा दुसरा एक कागद मी महिन्यापूर्वी उतरवला होता, त्यात पश्चिमेला ओढा होता, आणि मला ते आठवलं. मी ऐटीत ‘ओढा’ लिहून टाकलं. त्या माणसाची गाडी सुटायला आली होती म्हणून तुम्ही त्या एका दिवशी परत न वाचता सही केलीत. संध्याकाळी कच्चा कागद नीट लावून ठेवताना तुमच्या लक्षात आलं. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त म्हणालात, सकाळी शाळेत जाऊ नको.

दुसऱ्या दिवशी आपण पहिल्या एस.टी.नं गेलो. जाफराबादला उतरून पुढं चालत. मला अजून दिसतंय, तुम्ही पुढे, छत्री काखेत, आणि मी मागे रडकुंडीला आलेली. तो शेतकरी कापूस वेचायला गेला होता, त्याला बोलावून आणलं. तुम्ही त्याच्या ओट्यावर बसून ‘ओढा’ खोडलंत, वर ‘येथे वाचता येत नाही’ लिहिलंत आणि पुन्हा सही केलीत. तो हसायला लागला. म्हणाला, अण्णा, पश्चिमेला ओढाच हाय की, चला दावतो. आणि त्यानं खरंच नेऊन दाखवला. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी तुम्ही शाबास म्हणाल. परतीच्या गाडीत मी धीर करून म्हणाले, अण्णा, माझं बरोबरच होतं.

“बराबर निघालं म्हणून काय झालं? तुला कागदात दिसलं होतं का?”

मी नाही म्हणाले.

“मंग न्हाई दिसलं म्हणावं, बाई. त्यात काय लाज हाय.”

एवढंच. जालन्याला उतरल्यावर स्टँडसमोरच्या दुकानातून तुम्ही मला शाईचं पेन घेऊन दिलंत, हिरवं, सोनेरी टोपणाचं. शिक्षा आणि बक्षीस एकाच दिवशी का, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यानंतर तुम्ही एकही कागद परत वाचल्याशिवाय दिला नाहीत, गाडी चुकली तर चुकू दे म्हणायचात. ते पेन मी कॉलेजला औरंगाबादला नेलं, नोकरीला पुण्याला नेलं. त्याची निब केव्हाच गेली आहे.

पुण्याच्या त्या पहिल्या कंपनीत मला हे काम मिळालं. मराठी, हिंदी, गुजराती, कानडी, असे प्रोग्राम आम्ही करायचो. तेव्हाचे आमचे साहेब एक गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगायचे, कागदावर असो नाहीतर पडद्यावर, रिकामी जागा दिसता कामा नये. रिकामी जागा दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं प्रोग्राम बिघडला, आणि फोन येतो. म्हणून प्रत्येक मुलखासाठी आम्ही नेहमीच्या गोष्टी भरून ठेवायचो. माणसानं काही सांगितलं नाही तर त्या मुलखात जे सर्रास चालतं ते प्रोग्रामनं आपणहून घ्यायचं. यात मी फार तरबेज झाले, अण्णा. माझ्या कामात कुठे छिद्र सापडायचं नाही. साहेब दुसऱ्यांना माझं उदाहरण द्यायचे, आणि मला त्याचा तोरा होता.

तुमच्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे मला एका दिवाळीत कळलं, तेही तुम्ही करंजी समजून रिकाम्या ताटलीत हात फिरवलात तेव्हा. आई म्हणाली, वर्ष झालं असंच चाललंय, तुला सांगू नको म्हणाले. भिंगातून एकेक अक्षर अजून दिसायचं, पण लिहायला बसलात की ओळी एकमेकींवर चढायच्या. दुकान बंद करा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी ठरवलं, यांच्यासाठी प्रोग्राम करायचा. ऑफिसातून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर आणि करकर वाजणारा प्रिंटर विकत घेतला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून जालन्याला आणला आणि स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे तिथं मांडला. तुम्ही दुकानात कागद वाचायचा, घरी येऊन आईला तोंडी सांगायचा, आईनं भरायचं, आणि छापील मराठी कागद बाहेर यायचा. गाव, नंबर, चार बाजू, कुणी कुणाला दिलं, साल. सालापुढे एक छोटा चौकोन. एक दाबलं की फसली, दोन दाबलं की हिजरी, आणि प्रोग्राम त्याचं इंग्रजी साल स्वतः काढून छापणार.

आई सातवी पास. एका बोटानं टाइप करायची. भाकरी थापून उठलेली असली की की-बोर्डात पीठ पडायचं, आणि काम झालं की ती त्याच्यावर फडकं टाकायची, टोपलीतल्या भाकरीवर टाकावं तसं. मी शिकवायला बसले तर तिनं मला दोनदा गप्प केलं, मधे मधे बोलू नको, मला अक्षर शोधू दे. आणि तुम्ही खुर्ची ओढून तिच्या मागे बसलेले, हातात कागद, डोळे मिटलेले. तुम्हा दोघांना इतकं जवळ बसून एखादं काम करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मला वाटलं की मी जन्माला येऊन एक तरी चांगली गोष्ट केली.

माझी चारची गाडी होती. सगळं सांगून झालं, आईनं डबा बांधला, मी पायात चपला घालत होते. तेव्हा तुम्ही विचारलंत. संबंध दिवसात तुम्ही विचारलेला तो एकच प्रश्न.

“जिथं मी काई सांगितलं न्हाई, तिथं हे काय करतं?”

मी म्हणाले, “काही नाही अण्णा, रिकामं सोडतं.”

“बराबर?”

“बराबर.”

तुम्ही मान डोलावलीत. मग चाचपत पुढे झालात आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवलात, नव्या बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. मी रिक्षात बसले.

वर्ष-दीड वर्ष ते यंत्र चाललं. फोनवर तुम्ही सांगायचात की लोकांना छापील कागद लई आवडतो, काही तर वाचता येत नसलं तरी चौकटीत लावतो म्हणतात. मग एके दिवशी फोन आला की दुकान बंद केलं. का विचारलं तर म्हणालात, डोळे साथ देत न्हाईत आता, झालं तेवढं पुष्कळ झालं. मला सुटल्यासारखंच वाटलं, खोटं का बोलू. उन्हातान्हाचं जाणं-येणं वाचलं म्हणाले. त्यानंतर तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारणं सोडलंत. तब्येत, जेवण, पाऊसपाणी, एवढंच विचारायचात. कंपूटरला मराठी येऊन राह्यली का, हे पुन्हा कधी विचारलं नाहीत. मला ते जाणवलंसुद्धा नाही. आठ महिन्यांनी तुम्ही गेलात, दवाखान्यात, तीन दिवसांत. मी पोचले तेव्हा बोलणं बंद झालं होतं.

तेराव्याला एक बाई आली. पंचाहत्तरीची असेल, भोकरदनकडची, काठी टेकत. पंगत उठली होती. तिनं मला विचारलं, पुण्याची लेक तूच का, आणि पिशवीतून दोन कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले. एक छापील, आपल्या प्रिंटरचा. दुसरा हातानं लिहिलेला, तुमचा. ओळी एकमेकींवर चढलेल्या, दोन ठिकाणी तर कागद सोडून शाई बाहेर गेलेली.

तिच्या आज्यानं तिच्या आईला चोळी-बांगडीसाठी म्हणून शेताचा एक तुकडा लिहून दिला होता. आई तो कसायची, आईमागे ही. आता मामाच्या नातवांनी हरकत घेतली की असं काही दिलंच नव्हतं. आईनं मरताना हिच्या हातात तो उर्दू कागद ठेवला होता, तो घेऊन ती तुमच्याकडे आली. छापील कागद घेऊन गावात गेली, देवळाच्या पायरीवर भाऊबंद बसले, कुणीतरी कागद वाचला. त्यात साल छापलं होतं फसली, आणि पुढे इंग्रजी साल. तिचा आजा वारला त्याच वर्षी ते देऊळ बांधलं होतं, पायरीवर साल कोरलेलं. कागद त्यानंतर सहा वर्षांचा निघाला. एक जण म्हणाला, मेल्यावर उठून सही करून गेला व्हय म्हातारा? सगळे हसले. ती बाई हसणाऱ्यांच्या मधे बसली होती. तिनं त्याच बैठकीत हक्क सोडल्याचा अंगठा दिला.

मी विचारलं, तुम्ही भांडला का नाहीत? म्हणाला नाहीत का की कागदच चुकलाय? ती म्हणाली, “अण्णांनी लिव्हलंय म्हणल्यावर चुकीचं कसं असंल, माय? मला वाटलं माझी मायच खोटं बोलली.”

महिनाभर ती स्वतःच्या आईला खोटारडी समजून जगली, अण्णा. महिन्यानं ती तुमच्याकडे आली ती तक्रार घेऊन नाही. विचारायला आली होती की माझ्या मायनं असं कशापायी केलं असंल, तुम्ही एवढे कागद वाचता, तुम्हाला माणसाचं मन कळत असंल. तुम्ही तिचा छापील कागद मागितलात आणि आईला मोठ्यानं वाचायला सांगितलंत. आई ‘फसली’ म्हणाली तशी तुम्ही हात वर केलात आणि परत वाच म्हणालात. तीनदा वाचायला लावलंत. मग मूळ कागद घेऊन अंगणात गेलात, उन्हात धरलात, भिंग लावलंत, मग डोळ्यांचा नाद सोडून त्या घडीवरून बोटाचं टोक फिरवत राहिलात. ती म्हणाली, बराच वेळ उभे होते, मला वाटलं चक्कर येतीय. तिथं अक्षर नव्हतंच. तुम्ही आईला तसंच सांगितलं होतं, साल तेराशे अमुक, पुढचं अक्षर न्हाई. आईनं चौकोन रिकामा ठेवला, आणि पडद्यावरून तुम्हाला परत वाचून दाखवलं तेव्हाही तो रिकामाच होता. भरला गेला तो छापताना.

हातानं लिहिलेला कागद तुम्ही त्या दिवशी लिहिलात. दुसऱ्या दिवशी जीपनं तिच्याबरोबर तिच्या गावी गेलात, त्याच पायरीवर सगळ्यांना गोळा केलंत आणि हात जोडलेत. चूक माझी हाय म्हणालात, कागदात अक्षर न्हाई, आणि मी न बघता सही केली. ते लोक म्हणाले, अंगठा दिलाय, झालं गेलं. जमीन परत आली नाही. परतीच्या वाटेवर ही बाई तुम्हाला म्हणाली की अण्णा, तुमचं काय चुकलं, कंपूटरनं चुकवलं. तुम्ही म्हणालात, “सही कंपूटरची न्हाई ना, माझी हाय.” आणि आल्या पावली दुकानाच्या फळ्या लावल्यात.

मी तिच्याकडे तो हाताचा कागद मागितला. तुमचं शेवटचं अक्षर होतं ते. तिनं माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि कनवटीला लावला. म्हणाली, “हे न्हाई देणार मी. वाचता येत न्हाई असं लिव्हलंय यात. म्हणजे माझी माय खोटी बी न्हाई ना?” मी म्हणाले, नाही, खोटी नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात नको होता.

सगळे झोपायला गेल्यावर, अण्णा, मी स्वयंपाकघरात गेले तर आई भांडी लावत होती. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, ती बाई आल्ती ना, तिनं सांगितलं असंल. माझंच बोट चुकलं गं. हाताला पीठ होतं, छापायचं बटण दाबताना एक दाबलं गेलं असंल. ते म्हणत राह्यले, तुझं न्हाई चुकलं, माझं चुकलं. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे. इतकं सांभाळून घेतलं मला शेवटपर्यंत. मी तिच्यासमोर उभी होते. तुम्ही कुणाला सांभाळून घेत होतात हे त्या घरात एकट्या मला कळलं होतं, आणि मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं बाजूला करून मी कॉम्प्युटर लावला. शोधायला वेळ लागला नाही, मीच लिहिलेली ओळ होती. मुलूख मराठवाडा आणि चौकोन रिकामा असेल तर फसली धरावं. ती काढायला दोन मिनिटं लागली. काढली. आता ते वापरणारं कुणीही नव्हतं.

इतक्या वर्षांत मी स्वतःला हेच सांगत आले की नजरचूक झाली, सवयीनं लिहिली गेली, साहेबांनी लावलेली सवय. नवऱ्याला तसंच सांगितलं, भावाला तसंच. आज जिन्यात उभी असताना मात्र तेवढ्यावर भागलं नाही. यंत्र मांडलं त्या रविवारी सकाळी, तुम्ही दुकानातून यायच्या आधी, मी एक नमुना छापून पाहिला होता. मुद्दाम चौकोन रिकामा ठेवून. कागद बाहेर आला आणि त्यावर ‘फसली’ होतं. मी तो पाहिला. किती पुरा दिसतोय, असं मनात आलं. बहुतेक कागद फसलीचेच असतात, पुढच्या खेपेला बदलू, असंही आलं. कागद चुरगळून चुलीपाशी टाकला. त्यानंतर पाच तासांनी तुम्ही विचारलंत आणि मी ‘रिकामं सोडतं’ म्हणाले. गाडी चुकेल ही भीती होती, आणि त्याहून जास्त म्हणजे तुमच्यासमोर माझं काम अपुरं ठरेल ही. मला माहीत नाही म्हणायचीही गरज नव्हती, अण्णा. मला माहीत होतं.

तुम्हाला हे कळलं असेल का? माझा भाऊ म्हणतो, अण्णांनी केव्हाच माफ केलं असेल. सगळे असंच म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला बरं वाटतं. मला त्या आठ महिन्यांतले तुमचे फोन आठवतात. त्यांत राग नव्हता. काय होतं ते मला वाचता येत नाही, आणि मी तिथं काही भरणार नाही.

पाणी पिऊन मी आत गेले. त्या मुलीला म्हणाले, रिकामं सोडायचं, आणि रिकामं आहे हे दिसेल असं सोडायचं. गिऱ्हाइकाचा माणूस कुरकुरला. मी ऐकलं नाही. ती मुलगी वहीत लिहून घेत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

आई आता माझ्याकडेच असते. डोळे अजून चांगले आहेत, भिंगाशिवाय पेपर वाचते. पण तेव्हापासून तिनं कुठल्याही यंत्राचं बटण दाबलेलं नाही. फोन लावायचा असला तर मला हाक मारते, लिफ्टमध्ये शिरली की कोपऱ्यात उभी राहते आणि कुणीतरी येईपर्यंत थांबते. शेजारच्या बाई हसल्या तर म्हणते, माझ्या बोटाचा भरवसा न्हाई हो. आत्ताही ती पलीकडच्या खोलीत जागी आहे. मामांना फोन लावून दे म्हणून मघाशी तिनं हाक मारली, मी आले म्हणाले आणि लिहीत बसले.

हे पत्र तुम्हाला लिहिलं, कारण तिला लिहिलं असतं तर ते द्यावं लागलं असतं.